थोडक्या पैशांत सुरेख रेघ

फाउंटन पेनाचा जो भाग कागदाला टेकतो, तो मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. पेन शंभर रुपयांचं असो की पन्नास हजारांचं, लिहिण्याचं काम या ठिपक्यालाच करावं लागतं. त्याच्या मागे निबची बारीक चीर, चिरेखाली खाचा पाडलेली जीभ आणि जिभेमागे शाईचा साठा. एवढ्या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या की रेघ ओली, सलग आणि स्वच्छ उमटते. दांड्यावरची झिलई, टोपणाची सोनेरी कडी आणि मखमली डबी यांचा त्या रेघेशी काही संबंध नसतो.

शे-दोनशे रुपयांच्या पेनानं दोन ओळी लिहून पाहिल्या की अनेकांना नवल वाटतं. पण कमी किमतीत उत्तम लिहिणारं पेन अपघातानं तयार होत नाही. भारतातल्या कारागिरांनी आणि जपान-जर्मनीतल्या कारखान्यांनी ते समजून-उमजून घडवलं आहे, आणि त्या कामाची दखल महागड्या पेनांइतकी कधीच घेतली गेलेली नाही.

वर्धा आणि गिरगाव

भारतीय पेनाच्या गोष्टीत वर्ध्याला मानाचं स्थान आहे. राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हे स्वदेशीच्या प्रेरणेनं पेन बनवायला लागलेले कारागीर. त्यांनी घडवलेलं एक पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचलं. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार तेव्हा कुमारप्पा वर्ध्यात पाहत होते. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं. पेन आपण वापरून पाहिलं आहे आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असा त्या पत्राचा आशय. स्वदेशी आहे म्हणून चालवून घ्या, असं त्यात कुठेही नाही. पेन आधी लिहून पाहिलं गेलं आणि मग त्याला पसंती मिळाली. स्वस्त पेनाची परीक्षा आजही याच क्रमानं व्हायला हवी.

त्याच सुमारास मुंबईत शाईचं काम सुरू झालं होतं. दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात शाईची पूड आणि शाईच्या गोळ्या बनवायला घेतल्या. पहिली मुद्रा होती ‘हॉर्स ब्रँड’. पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि तिच्यावरून कंपनी ‘कॅम्लिन’ झाली. १९४६ मध्ये ती प्रायव्हेट लिमिटेड झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची बोटं या शाईनं निळी झाली आहेत. चांगली शाई स्वस्तात आणि गावोगाव मिळू लागली, तेव्हाच फाउंटन पेन साहेबाच्या आणि वकिलाच्या खिशातून उतरून शाळकरी मुलाच्या दप्तरात गेलं. २०११ मध्ये या कंपनीची सूत्रं ओसाकाच्या कोकुयो या जपानी स्टेशनरी कंपनीकडे जायला सुरुवात झाली. मराठी माणसांनी उभी केलेली शाई आणि १९०५ पासून वह्या-कागदांचा व्यवसाय करणारी जपानी कंपनी असे दोन लेखनप्रेमी वारसे त्यामुळे एकत्र आले.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी पेन दुर्मिळ झालं आणि देशी कारखान्यांना मोठी बाजारपेठ मिळाली. मुंबईची एअरमेल पेन कंपनी १९५१ पासूनची. ‘एअरमेल’ आणि ‘वॉलिटी’ या तिच्या नावांची पेनं आजही साधी, दणकट आणि परवडणारी म्हणून ओळखली जातात. तमिळनाडूतल्या सत्तूर या गावात निब बनवण्याचा घरगुती उद्योग बहरला. पुढे बॉलपेनच्या लाटेत त्याची पडझड झाली. नोएडाच्या ‘कानराइट’नं मात्र निब आणि जीभ घरच्याच कारखान्यात बनवण्याची परंपरा चालू ठेवली. ‘नूडलर्स’ या अमेरिकी शाई कंपनीनं आपलं लवचीक निबचं ‘अहाब’ पेन भारतातच बनवून घेतलं. दूरच्या ग्राहकाला स्वस्त पण मनासारखं पेन द्यायचं, तर त्यासाठी लागणारं कसब इथे हयात होतं.

निबखाली काय चालतं

पेनातून शाई बाहेर यायची तर तिची जागा घ्यायला तेवढीच हवा आत जावी लागते. हवा गेली नाही तर शाई अडते, आणि जास्त गेली तर डाग पडतो. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक पेनांचं घोडं इथेच अडत होतं. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या जिभेचं पेटंट घेतलं, तिच्यात बारीक खाचा होत्या. शाई खाली येण्याची आणि हवा वर जाण्याची सोय एकाच तुकड्यात झाली. आजच्या प्रत्येक फाउंटन पेनाची जीभ याच कल्पनेवर चालते.

अरुंद फटीत द्रव आपोआप चढतो, सरकतो आणि टिकून राहतो. या केशाकर्षणावर सगळा खेळ उभा आहे. जिभेतली खाच शाई पुढे आणते. निबची चीर टोकाकडे अधिक अरुंद होत जाते, म्हणून शाई टोकाकडेच खेचली जाते. टोक कागदाला टेकलं की कागदाचे तंतू तिला ओढून घेतात. दाब द्यावाच लागत नाही, पेनाचं वजन पुरतं. बॉलपेननं तासभर लिहून दुखणारा अंगठा फाउंटन पेनानं दुखत नाही, तो यामुळेच.

जिभेच्या पोटाशी कंगव्यासारखे काप असतात, ते जास्तीची शाई थोपवून धरण्यासाठी. हाताच्या उबेनं पेनातली हवा तापून फुगते आणि शाईला पुढे ढकलते. तेवढी शाई हे काप सांभाळतात. ड्रॉपरनं भरायच्या देशी पेनात शाई थेट दांड्यात असते, त्यामुळे साठा मोठा आणि आतली हवाही पुष्कळ. अशी पेनं अर्ध्याहून रिकामी झाली की डाग टाकतात. ती वेळेवर भरली की ही तक्रार बहुतेक मिटते.

भारतीय कारागिरांनी जिभेसाठी एबोनाइट निवडलं, हा त्यांचा मोठा गुण. रबरात भरपूर गंधक मिसळून तापवलं की कठीण, काळं एबोनाइट तयार होतं. त्याच्यावर शाई सहज पसरते, तर साध्या प्लॅस्टिकवर ती थेंब धरून बसते. शिवाय गरम पाण्यात एबोनाइट मऊ पडतं, त्यामुळे जीभ आणि निब यांच्यात फट राहिली असेल, तर जीभ गरम करून निबला दाबून बसवता येते. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या जिभेत ही सोय नाही. तिथे साचाच अचूक असावा लागतो आणि पृष्ठभागावर प्रक्रिया करावी लागते. भारतीय पेन हातानं दुरुस्त होतं, जपानी पेनाला दुरुस्तीची गरज क्वचित पडते. स्वस्त आणि चांगल्या पेनाकडे जाणाऱ्या या दोन वाटा आहेत.

सोनं कशासाठी?

जुन्या लोहयुक्त शाया आम्लधर्मी होत्या आणि साध्या पोलादाच्या निब खाऊन टाकत. सोन्याला त्या शाईनं काही होत नसे, म्हणून निबसाठी सोनं आलं. न गंजणारं पोलाद निबसाठी वापरात आलं आणि रोजच्या शाया सौम्य झाल्या, तेव्हा ती गरज संपली. चौदा कॅरटच्या निबमध्ये सुमारे ५८.५ टक्के सोनं असतं खरं, पण कागदाला टेकतो तो ठिपका सोन्याचा नसतोच. सोनं मऊ असल्यामुळे ते लिहिता लिहिता झिजलं असतं. म्हणून सोन्याच्या असोत वा पोलादाच्या, दोन्ही निबच्या टोकाला अतिकठीण मिश्रधातूचा मणी जोडलेला असतो. तो घासून गोल करायचा आणि मधोमध चिरायचा. हे काम नीट झालं की निब गुळगुळीत लिहिते.

सोन्याच्या निबला थोडी लवचिकता असते आणि काहींना तिचा स्पर्श मनापासून आवडतो. ती आवड खरी आहे. पण गुळगुळीत रेघेसाठी सोनं लागत नाही. हाताने घडवलेल्या अनेक महागड्या पेनांमध्ये बर्लिनच्या योवो किंवा हायडेलबर्गच्या बोक या कारखान्यांच्या पोलादी निब असतात. त्या पेनात किमतीचा मोठा वाटा दांड्याचा, कारागिरीचा आणि नावाचा असतो.

मुलांसाठी केलेली पेनं

स्वस्त पेनं चांगली होण्यामागे शाळांचा फार मोठा हात आहे. जर्मनीत मुलं शाळेत फाउंटन पेननं लिहायला शिकत आली आहेत. पेलिकाननं १९६० मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘पेलिकानो’ आणलं. लामीचं ‘सफारी’ १९८० चं, तेही विद्यार्थ्यांसाठीच. मूल पेन आपटतं, चावतं, टोपण लावायला विसरतं. अशा हातात टिकेल ते पेन मोठ्यांच्या हातात नक्कीच टिकतं.

जपानमध्ये प्लॅटिनमनं २००७ मध्ये ‘प्रेपी’ काढलं, सुरुवातीची किंमत सुमारे २०० येन. पारदर्शक प्लॅस्टिकचं हे पेन दिसायला अगदी साधं आहे. पण त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं आतलं टोपण आहे. ते निबला घट्ट बंद करतं आणि पेन महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी शाई वाळत नाही. हीच युक्ती प्लॅटिनम आपल्या कितीतरी महाग पेनातही वापरते. पायलटचं ‘काकुनो’ २०१३ मध्ये १००० येनांना आलं. पकड तिकोनी, म्हणजे बोटं आपोआप योग्य जागी बसतात, आणि निबवर हसरा चेहरा कोरलेला. चेहरा वरच्या बाजूला दिसला की पेन बरोबर धरलंय, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. आपल्या अभियंत्यांचं उत्तम कसब या कंपन्यांनी सर्वांत स्वस्त वस्तूला दिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

देवनागरीची निब

मराठी लिहिणाऱ्यानं निब निवडताना आपली लिपी ध्यानात घ्यावी. देवनागरी दाट आहे. ‘क्ष’ची गाठ, ‘ष्ट्र’ची उतरंड, रफार, उकार, वेलांट्या हे सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं असतं. जाड निबनं गाठी बुजतात, ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसू लागतात. दुसरीकडे शिरोरेघ म्हणजे शब्दभर लांबीचा एक सलग आडवा फटकारा. शाईचा प्रवाह कमी पडला तर ती मध्येच तुटते. म्हणून मराठीला बारीक पण ओली निब मानवते. वहीत लिहिणाऱ्यांनी जपानी मध्यम किंवा भारतीय बारीक निबपासून सुरुवात करावी. जपानी बारीक निब युरोपीय बारीकपेक्षा एक पायरी बारीक असते, हेही लक्षात ठेवावं. दुकानात पेन तपासताना स्वाक्षरी करू नये, ती कुठल्याही पेननं ठीकच येते. ‘महाराष्ट्र’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘स्वातंत्र्य’ असे शब्द लिहावेत आणि लांब शिरोरेघ ओढावी. पेनाचा स्वभाव लगेच कळतो.

थोडी निगा

स्वस्त भारतीय पेनांचा दोष लपवण्यात अर्थ नाही. एकाच पेटीतली दोन पेनं सारखी लिहितीलच असं नाही. पण बहुतेक तक्रारी घरी दूर होतात. नवं पेन कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवावं, कारखान्यातलं तेल निघून गेलं की शाई नीट वाहते. निब खरखरत असेल तर भिंगातून पाहावं. बहुधा तिच्या दोन पाकळ्या वरखाली झालेल्या असतात. नखानं हलकेच दाबून त्या एका पातळीत आणाव्यात. पॉलिश पेपरवर घासण्याची घाई करू नये, कारण झिजलेला मणी परत येत नाही. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला की गळती थांबते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही भरू नये, ती आत सुकली की जिभेच्या खाचा बंद होतात.

आणि कागद पाहून घ्यावा. ज्या वहीत शाई फुटते तिथे हजारांचं पेनही हरतं.

चांगली रेघ निबच्या टोकावर, चिरेवर आणि जिभेवर अवलंबून असते, आणि ही तिन्ही कामं आज दोनशे रुपयांच्या आतल्या पेनातही उत्तम झालेली सापडतात. त्यापुढचा पैसा रूप, धातू आणि नाव यांसाठी असतो. तो ज्याला हौस आहे त्यानं जरूर खर्चावा. बाकीच्यांनी या आठवड्यात जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात जावं, काउंटरवर शाईची बाटली मागून दोन-तीन देशी पेनं लिहून पाहावीत आणि त्यातलं सर्वांत चांगलं लिहिणारं पेन घरातल्या पाचवी-सहावीतल्या मुलाच्या हाती द्यावं. ही पेनं बनवणारे कारखाने आपण विकत घेतलेल्या पेनांवरच चालतात.