कोंड्यातील जीवनसत्त्व

सन १८८९ मधील ही हकीकत आहे. जावा बेटावरील बटाव्हिया या शहरात, म्हणजे आजच्या जाकार्तात, एका लहानशा प्रयोगशाळेच्या आवारात काही कोंबड्या पाळलेल्या होत्या. एके दिवशी त्या लटपटत चालू लागल्या. पाऊल टाकताना त्यांचा तोल जाई. पुढे पायांतील बळ सरले, त्या कुशीवर कोसळू लागल्या आणि काही मरूनही गेल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन हे दृश्य पाहून चकित झाले. कारण अगदी अशीच अवस्था त्यांनी माणसांची झालेली पाहिली होती.

त्या काळी जावावर डच लोकांचे राज्य होते. तेथील सैनिकांत आणि कैद्यांत बेरीबेरी नावाच्या रोगाने थैमान घातले होते. या रोगात पाय जड व बधिर होत, अंगावर सूज येई, चालणे अशक्य होई आणि अखेरीस हृदय दुबळे होऊन धडधाकट माणूसही दगावे. रोगाचे कारण शोधण्यासाठी डच सरकारने १८८६ साली डॉक्टरांचे एक मंडळ जावाला धाडले. आइकमन त्यात होते. रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतात, हा शोध तेव्हा नवा होता. ज्यांनी तो पुढे नेला, त्या रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली आइकमन यांनी शिक्षण घेतले होते. त्यामुळे बेरीबेरीचाही जंतू असलाच पाहिजे, अशी साऱ्यांची खात्री होती.

आइकमन यांनी काही कोंबड्यांना रोग्यांच्या शरीरातील द्रव्य टोचले होते. परंतु टोचलेल्या कोंबड्यांबरोबर न टोचलेल्या कोंबड्याही आजारी पडल्या. मग जंतू आला कोठून? हे कोडे सुटत नाही, तोच नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस आणखी एक नवल घडले. उरलेल्या कोंबड्या कोणत्याही औषधावाचून आपोआप बऱ्या झाल्या!

आइकमन यांनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा खुलासा झाला. कोंबड्यांची देखभाल करणारा नोकर काटकसर म्हणून लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात उरलेला पांढराशुभ्र भात त्यांना घालत असे. पुढे तेथील स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात लष्कराबाहेरच्या कोंबड्यांना घालणे नव्या स्वयंपाक्याला पसंत पडेना. त्याने भात देणे बंद केले. तेव्हापासून कोंबड्यांना साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

या योगायोगावर विसंबून न राहता आइकमन यांनी पद्धतशीर प्रयोग केले. पांढरा तांदूळ दिला की कोंबड्या आजारी पडत. त्यातच थोडा कोंडा मिसळला की बऱ्या होत. पुढे १८९५-९६ मध्ये आइकमन यांच्या सूचनेवरून फोर्डरमान नावाच्या आरोग्याधिकाऱ्यांनी जावातील शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. जेथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे, त्यांपैकी बहुतेक तुरुंगांत बेरीबेरी होता. जेथे कोंड्यासह तांदूळ मिळे, तेथे तो जवळजवळ नव्हताच. कोंबड्यांनी दिलेली साक्ष माणसांच्या बाबतीतही खरी ठरली.

असे काय होते त्या कोंड्यात? भाताचे तूस काढले की आतील दाण्यावर तांबूस-पिवळसर रंगाचा एक पातळ पापुद्रा दिसतो. तोच कोंडा होय. घरोघर उखळात मुसळाने भात सडला जाई, तेव्हा या पापुद्र्याचा बराच भाग दाण्याला चिकटून राही. पुढे वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. त्यांनी दाणा घासूनपुसून मोत्यासारखा केला. असा तांदूळ दिसायला सुरेख असतो आणि पुष्कळ दिवस टिकतो, कारण लवकर खवट होणारे तेल कोंड्याबरोबर निघून गेलेले असते. पण त्या तेलाबरोबर आणखीही काहीतरी निघून जात होते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

प्रथम खुद्द आइकमन यांचाही तर्क चुकला. तांदळात एखादे विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असे त्यांना वाटले. त्यांचे सहकारी गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ साली खरा अर्थ सांगितला. तांदळात विष नाही. कोंड्याबरोबर शरीराला आवश्यक असलेला एक पदार्थ नाहीसा होतो आणि त्याच्या अभावामुळे हा रोग होतो. रोग हा बाहेरून शिरलेल्या शत्रूमुळेच होतो असे नाही; घरातला मित्र निघून गेल्यानेही तो होऊ शकतो, हा विचार त्या काळी अगदी नवा होता.

१९१२ साली कासिमिर फुंक या शास्त्रज्ञाने अशा पदार्थांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवले. ‘व्हिटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ जीवन. मराठीतील ‘जीवनसत्त्व’ या शब्दात तोच अर्थ उतरला आहे. १९२६ साली जावामध्येच यान्सेन आणि डोनाथ यांनी शेकडो किलो कोंड्यातून या पदार्थाचे चिमूटभर शुद्ध स्फटिक मिळवले. तेच जीवनसत्त्व ‘ब१’. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केले. विल्यम्स यांचा जन्म भारतात, नेल्लोर येथे झाला होता. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

बैलगाडीला दणकट बैल जुंपले आणि रस्ताही चांगला असला, तरी आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरते, झिजते आणि शेवटी अडते. वंगण थोडेसेच लागते, पण त्यावाचून चालत नाही. जीवनसत्त्वांचे तसेच आहे. भात-भाकरीतून शरीराला शक्ती मिळते. परंतु ती शक्ती मोकळी करून मज्जातंतूंना आणि हृदयाला पुरवण्याच्या कामी ‘ब१’ची मदत लागते. मोठ्या माणसाला दिवसाकाठी ते सुमारे एक मिलिग्रॅम पुरते. एक ग्रॅमचे हजार भाग केले, तर त्यांतला हा एक भाग! एवढ्याशा अंशाच्या अभावी माणसे प्राणाला मुकत होती.

पुढे इतर जीवनसत्त्वांचाही शोध लागला. ‘अ’ जीवनसत्त्व दृष्टीचे रक्षण करते. त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. दूध, हिरव्या पालेभाज्या, गाजर, पपई आणि आंबा यांपासून ते मिळते. ‘क’च्या अभावी हिरड्यांतून रक्त येते. लांबच्या सफरीवरील खलाशांना हा रोग होई. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरांनी काही आजारी खलाशांना संत्री व लिंबे देऊन बरे केले होते. आवळा आणि पेरू ही तर ‘क’ जीवनसत्त्वाची भांडारेच होत. ‘ड’ हाडे बळकट करते. अंगावर ऊन पडले की शरीर स्वतःच ते तयार करते.

तेव्हा जीवनसत्त्वे मिळवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोकणात व गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात तुसासकट उकडताना ‘ब१’ दाण्याच्या आत मुरते आणि मग कोंडा निघाला तरी ते बऱ्याच अंशी टिकते. हातसडीचा तांदूळ, शेंगदाणे आणि मोड आलेली कडधान्येही शरीराला ते पुरवतात. परंतु तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुतला किंवा भात वेळून पाणी ओतून दिले, तर ते पाण्याबरोबर वाहून जाते. गोळ्यांची गरज आजारपणात डॉक्टर ठरवतात. मनाने गोळ्या घेणे हिताचे नव्हे, कारण ‘अ’ आणि ‘ड’ प्रमाणाबाहेर झाली तर अपायच करतात.

काटकसरी गृहिणी कोंड्याचा मांडा करते, असे म्हणतात. निरुपयोगी म्हणून फेकून दिलेल्या त्याच कोंड्यात असंख्य माणसांचे प्राण दडलेले होते. ते ओळखायला मात्र लटपटणाऱ्या कोंबड्या आणि त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहणारा एक डॉक्टर यावा लागला.