नक्षीला भाव नाही

मुंबईच्या उपनगरांत १९४० ते १९७० च्या दरम्यान हौसेने सजवून बांधलेला बंगला विकायला निघाला, की त्याची पहिली खबर बहुधा वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीतून लागते. वकिलाच्या नावाने छापलेल्या त्या चौकटीत सिटी सर्व्हे नंबर, प्लॉटचे क्षेत्रफळ आणि चतुःसीमा असतात. कोणाचा हक्क किंवा बोजा असल्यास चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावे, अशी सूचना असते. घराचा उल्लेख मात्र ‘त्यावरील बांधकामासह’ एवढाच. जिन्याच्या खिडकीतला रंगीत काचेचा मोर, पितळी कड्यांचा झोपाळा, गुलाबी-काळ्या टाइल्सचे न्हाणीघर, जहाजाच्या डेकसारखी गोलाई घेतलेली बाल्कनी, सगळे त्या दोन शब्दांत बसवलेले असते.

ही घरे उभी राहिली ती रेल्वेच्या कडेने पाडलेल्या प्लॉटांवर. मुलुंडची आखणी १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी काटकोनी रस्त्यांची केली. घाटकोपर, पार्ले, अंधेरी, बोरिवली इथेही वाड्या-बागा मोडून प्लॉट पडत गेले. जवळची उपनगरे १९५० मध्ये आणि मुलुंड-दहिसरपर्यंतचा पट्टा १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला. शहरात भाड्याच्या खोल्यांत वाढलेल्या व्यापारी-कारखानदारांना इथे पहिल्यांदाच चारी बाजूंनी मोकळे, स्वतःचे घर बांधता आले. ती हौस भिंतीभिंतीवर दिसली नसती तरच नवल.

सिमेंटने या हौसेला वाव दिला. दहा कंपन्या एकत्र येऊन १९३६ मध्ये एसीसी स्थापन झाली आणि सिमेंटचा प्रचार जोरात सुरू झाला. पुढच्याच वर्षी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले आणि ते पाहायला लोकांनी गर्दी केली. गोल कोपरे, खिडक्यांवरचे सलग छज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची ग्रील ही आर्ट डेको शैलीची खूण आधी मरीन ड्राइव्हला दिसली. लोकलच्या दोन्ही मार्गांनी ती उपनगरांत पोचली, तेव्हा तिच्यात ॐ, कमळे, हत्ती, कुलदेवतेचे नाव आणि मालकाची आद्याक्षरेही मिसळली. पुढे सिनेमाची भर पडली. ‘आवारा’सारख्या १९५१ च्या चित्रपटात एम. आर. आचरेकर यांनी उभे केलेले भव्य सेट लाखो लोकांनी पाहिले होते. वळणदार जिना आणि त्याखाली पियानो ठेवण्याइतकी जागा, मग पियानो वाजवणारे घरात कोणी असो वा नसो, ही श्रीमंतीची ठरीव कल्पना झाली.

या घरांत सर्वांत मेहनतीची गोष्ट म्हणजे जमीन. परदेशी संगमरवराची आयात परवान्यांच्या जंजाळात अडकलेली असल्याने जागेवर घातलेल्या मोझॅकला मान होता. आधी पितळेच्या किंवा काचेच्या पातळ पट्ट्या उभ्या लावून नक्षीची बाह्यरेषा पाडायची. प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचे सिमेंट आणि संगमरवराच्या चिप्स यांचा गिलावा भरून दाबायचा. तो पुरेसा घट्ट झाला की पाणी मारत दगडाने घासायचा, आधी भरड, मग मध्यम, मग बारीक. मध्ये राहिलेली बारीक छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरायची, पुन्हा घासायचे आणि शेवटी ऑक्झॅलिक अॅसिडने चमक आणायची. अशी जमीन साठ वर्षांनीही पुन्हा घासून आरशासारखी करता येते. आजच्या बहुतेक व्हिट्रिफाइड टाइल्सना हे जमणार नाही.

असे घर पाहायला येणाऱ्यांत दलाल सर्वांत आधी येतो आणि सर्वांत कमी पाहतो. समोरचा रस्ता किती रुंद, एवढेच त्याला हवे असते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण किंमत खरोखरच तिथे ठरते. उपनगरांत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १ आहे. पुरेशा रुंद रस्त्यावर अधिमूल्य भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन तो दुपटीपर्यंत किंवा त्याहून वर नेता येतो. २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी इमारतीला त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल क्षेत्रही पैसे भरून मिळते. समजा, ८०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ३५० चौरस मीटरचा बंगला आहे. दुप्पट निर्देशांक मिळाला तर तिथे १६०० आणि फंजिबल धरून २१६० चौरस मीटर बांधता येते. या हिशेबात जुने घर म्हणजे पाडण्याचा खर्च. मूल्यांकन करणाराही साठीतल्या बांधकामाचा घसारा वजा करून नाममात्र रक्कम लिहितो. मोराच्या खिडकीसाठी त्याच्या तक्त्यात रकानाच नसतो.

तरीही काही बंगले इतकी वर्षे टिकले, त्याची कारणे कलाप्रेमापेक्षा रुक्ष आहेत. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत रिकाम्या जमिनीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. मोठ्या आवाराचे व्यवहार त्यामुळे रखडत. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. विमानतळाच्या फनेल क्षेत्रातील पार्ले-घाटकोपरच्या काही भागांत उंचीची मर्यादा असल्याने टॉवरचे गणित बसत नाही. आणि वारसांचे भांडण हा तर नक्षीचा सर्वांत खात्रीचा रक्षक: चार भावंडांच्या सह्या होईपर्यंत एकही टाइल हलत नाही.

वारसांची प्रतिक्रिया बाहेरच्यांना वाटते तितकी हळवी नसते. छत गळते, माळी-रखवालदाराचा पगार निघत नाही, त्या घोटीव जिन्यावर आई दोनदा घसरलेली असते. अनेकांना लहानपणी या भपक्याची लाजच वाटलेली असते. शेजाऱ्यांना चिंता असते ती आंब्याच्या झाडाची, पाण्याच्या दाबाची आणि समोर येणाऱ्या वीस मजल्यांच्या सावलीची. वास्तुकलेचे विद्यार्थी मात्र मोबाइल घेऊन फाटकाशी उभे राहतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीतले वास्तुविशारद याच घरांना भडक म्हणून नाक मुरडत होते. रुचीचे हे चक्र जुने आहे. खुद्द ‘आर्ट डेको’ हे नावही रूढ झाले १९६८ मध्ये, बेव्हिस हिलियर यांच्या पुस्तकानंतर, म्हणजे ती शैली मागे पडून बराच काळ लोटल्यावर. मरीन ड्राइव्ह-ओव्हल परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. उपनगरे त्या सीमेबाहेर राहिली.

मुंबईत घर विकले जाताना जाहीर हळहळ होते ती घराच्या सजावटीसाठी नव्हे, तिथे राहिलेल्या माणसासाठी. कार्टर रोडवरचा ‘आशीर्वाद’ आधी राजेंद्रकुमारचा ‘डिंपल’ होता. राजेश खन्नाने तो घेतला आणि चाहत्यांनी त्याचे तीर्थक्षेत्र केले. २०१२ मध्ये त्याच्या निधनानंतर तिथे संग्रहालय व्हावे अशी चर्चा झाली. २०१४ मध्ये बंगला विकला गेला, २०१६ मध्ये पाडला गेला. त्याच दोन वर्षांत मलबार हिलवरच्या होमी भाभांच्या ‘मेहरांगीर’चेही तेच झाले. त्याला ३७२ कोटी रुपये आले होते आणि स्मारकासाठी प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. नामवंत माणूस राहून गेलेला नसेल, तर घाटकोपरच्या एखाद्या लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यासाठी कोण न्यायालयात जाणार? अमेरिकेत पाम स्प्रिंग्जला मात्र १९५०-६० मधली चमकदार घरे जशीच्या तशी ठेवलेली असली, तर ती मूळ रूपात असल्याचे जाहिरातीत ठळकपणे सांगितले जाते. तिथे गिऱ्हाईक राहण्यासाठी घर घेते. अंधेरीत ते प्लॉट घेते.

सजावटीला किंमत येते ती पाडकामाच्या दिवशी. ठेकेदार पाडण्याचे पैसे मागण्याऐवजी अनेकदा मालकालाच रक्कम देऊ करतो, कारण बर्मा सागाच्या चौकटी, पितळी मुठी, लोखंडी ग्रील, झोपाळा यांना गिऱ्हाईक असते. यातला बराच माल जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात येतो. उपाहारगृहांचे सजावटकार, सिनेमाचे प्रॉपवाले आणि हौशी लोक तिथे घासाघीस करून दरवाजे उचलतात. रंगीत काचेची खिडकी चौकटीसकट निघाली तर चांगला भाव मिळतो. जागेवर घातलेली मोझॅकची जमीन मात्र उचलताच येत नाही. ती खालच्या कोब्यासकट फुटते आणि डेब्रिजच्या ट्रकात जाते. दरम्यान, मुंबईत १९२२ पासून फरशा बनवणारी भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी आजही नक्षीच्या सिमेंट टाइल्स आणि टेराझो तयार करते, आणि जुन्या धाटणीची जमीन हवी असलेले लोक नव्या फ्लॅटसाठी त्यांची मागणी नोंदवतात.