अब्रूची भरपाई आणि प्राप्तिकर

गेलेली अब्रू पैशाने परत येत नाही, असे आपण म्हणतो. तरीही अब्रूनुकसानीच्या दाव्यात न्यायालयाला तिचे मोल पैशातच करावे लागते. ही रक्कम मिळणाऱ्याचे उत्पन्न समजावयाची की त्याच्या हानीची भरपाई, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. कायद्यात सुचविल्या जाणाऱ्या बदलांचा अर्थ कळण्यासाठी तेथील विद्यमान तरतुदी समजून घेणे इष्ट ठरेल.

घेणाऱ्यावरील कर

वैयक्तिक इजेबद्दलची भरपाई तेथे १९१८ च्या महसूल कायद्यापासून करमुक्त होती. बदनामी हीदेखील वैयक्तिक इजाच होय, असा निर्णय एका संघीय अपील न्यायालयाने १९८३ मध्ये दिला. परंतु १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ही सवलत ‘शारीरिक’ इजेपुरती मर्यादित केली. परिणामी मोडलेल्या हाताची भरपाई करमुक्त राहिली आणि डागाळलेल्या नावाची भरपाई करपात्र झाली. मनस्ताप व लौकिकाची हानी यांबद्दल ७० हजार डॉलर मिळालेल्या एका महिलेने या तरतुदीस आव्हान दिले. २००६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. मात्र त्याच न्यायालयाने २००७ मध्ये तो फिरविला.

वकिलाच्या शुल्काची अडचण निराळीच आहे. समजा, एखाद्यास एक लाख डॉलर मिळाले व त्यांतील चाळीस हजार वकिलाकडे गेले. २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार सामान्यतः पूर्ण लाख हे त्याचेच उत्पन्न ठरते. भेदभावाच्या दाव्यांत हे शुल्क वजा करण्याची सोय २००४ मध्ये झाली. व्यवसायाशी संबंध नसलेल्या बदनामीच्या दाव्यास ती सहसा लाभत नाही.

देणाऱ्यास सवलत

उलटपक्षी, धंद्याच्या ओघात उद्भवलेल्या दाव्यात कंपनीने दिलेली रक्कम सामान्यतः व्यावसायिक खर्च म्हणून वजा होऊ शकते. २०२३ मध्ये फॉक्स वृत्तवाहिनी व डोमिनियन ही मतदानयंत्रे बनविणारी कंपनी यांच्यात ७८ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली, तेव्हा या नियमाची बरीच चर्चा झाली. कंपन्यांवरील संघीय कराचा दर २१ टक्के असल्याने वजावट मिळालेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे २१ डॉलर कर वाचतो. म्हणजेच बदनामीच्या किमतीचा काही भाग सरकारी तिजोरीवर पडतो.

सुधारणेच्या दोन दिशा

पहिली दिशा पीडितास करमुक्ती देण्याची. भेदभावाच्या दाव्यांपुरती अशी विधेयके काँग्रेससमोर आली, पण संमत झाली नाहीत. दुसरी दिशा देणाऱ्याची वजावट काढण्याची. गोपनीयतेच्या अटीसह केलेल्या लैंगिक छळाच्या तडजोडींबाबत २०१७ मध्ये तसे करण्यात आले. दंडात्मक भरपाईची वजावट बंद करण्याचा ओबामा प्रशासनाचा प्रस्ताव मात्र मान्य झाला नाही.

आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तडजोड म्हणजे अपराधाची कबुली नव्हे, आणि वजावट गेल्यास लहान वृत्तपत्रांना भार असह्य होईल. करमुक्ती दिल्यास बुडालेल्या नफ्याची भरपाईही अब्रूच्या नावाखाली दाखविली जाईल. म्हणून बुडालेली कमाई आणि गमावलेला लौकिक यांची रक्कम वेगळी दाखविणे, हा कोणत्याही न्याय्य सुधारणेचा आरंभ ठरावा. कमाईवर कर योग्यच. परंतु ज्याने काही मिळविले नाही, केवळ गमावलेले अंशतः परत घेतले, त्याच्याकडून कर घ्यावा काय, हा मूळ प्रश्न आजही अनुत्तरित आहे.