बंजरच्या काठी

बैहरहून मुक्कीच्या वाटेला लागले की सालवन सुरू होते आणि माणसांचे बोलणे आपोआप मंदावते. बंजर नदीच्या काठी एका विश्रामगृहात आम्ही दोन रात्री राहिलो. पहाटे कान्ह्याच्या अरण्यात शिरताना सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता, "वाघ दिसेल काय?" वाघ दिसला नाही, दिसला तो बारशिंगा. दवाने भिजलेल्या गवतात मान उंचावून तो निश्चल उभा होता.

कान्ह्यातील हे बारशिंगे १९७० साली अवघे ६६ उरले होते. पुढे कुंपणाआडचे संगोपन आणि कुरणांची निगराणी यांमुळे त्यांचा वंश तगला. २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्याच्या अरण्यातही नेण्यात आले.

परंतु वाचकहो, ज्या कुरणांत ते आज निर्धास्त चरतात, त्यांतील कित्येक पूर्वी बैगा व गोंड कुटुंबांची गावे होती. ती उठली, म्हणून हरणांस घर मिळाले. वाघ न दिसल्याची हळहळ करीत परतणाऱ्या आम्हां पाहुण्यांस हा हिशेब कोणी सांगत नाही. अरण्याचे कौतुक अवश्य करावे. पण ज्यांनी त्यासाठी आपली चूल हलविली, त्यांचे ऋण विसरू नये.