अपंगांच्या गाडीला जागा : मेहेरबानी नव्हे, हक्क!

कल्याण पूर्वेला राहणारे आमचे एक कार्यकर्ते मित्र आहेत. लहानपणी पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेले. बाजूला दोन चाके जोडलेल्या स्कूटरवरून ते स्टेशन गाठतात आणि लोकलच्या अपंगांच्या डब्यातून कामावर जातात. सभा असो, मोर्चा असो, जयंती असो, ते हजर असतात. त्यांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. एका वाहनतळावरचा पोरगा त्यांना "दादा, इथंच लावा" म्हणत फाटकाजवळ जागा देतो, पैसेही घेत नाही. दुसऱ्या वाहनतळावर "तुमची गाडी दोन गाड्यांची जागा खाते" असे म्हणून दुप्पट पैसे मागतात. तिसऱ्या ठिकाणी पार टोकाला पाठवतात. तेथून कुबड्या टेकत जिन्यापर्यंत यावे तर लोकल सुटलेली असते. माणूस तोच, स्कूटर तीच, खिशातला दाखला तोच. बदलते ती फक्त तेथे उभ्या असलेल्याची मर्जी.

मर्जीवर जे मिळते त्याला हक्क म्हणत नाहीत.

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. त्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे आणि रेल्वे स्थानके येथील सुविधांची यादी आहे आणि त्या यादीत वाहन उभे करण्याची जागा स्पष्ट शब्दांत नमूद केली आहे. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की, इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत अपंगांसाठी किमान दोन मोटारींची जागा असावी आणि तिची रुंदी ३.६ मीटर असावी. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुगम्यतेचे किमान निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारकच केले पाहिजेत.

मग अडते कुठे? अडते ते दिल्ली आणि वाहनतळाचे फाटक यांच्यामध्ये. पट्टे मारायचे ते महापालिकेने, वाहनतळाचा ठेका द्यायचा तोही महापालिकेने. स्टेशनच्या आवारात रेल्वेचा ठेका वेगळा. रस्त्यावरची शिस्त वाहतूक पोलिसांकडे. प्रत्येकाचे दार वेगळे आणि अपंग माणसाने दरवेळी नव्या दारात आपले अपंगत्व सिद्ध करायचे!

ठराव कागदावर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे जावे लागले. त्यानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! देणारी नगरपालिका, काढून घेणारीही नगरपालिका. हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ साल उजाडले. जातीचा प्रश्न आणि अपंगत्वाचा प्रश्न एक नव्हेत. परंतु सार्वजनिक जागेवरचा हक्क स्थानिक कारभाऱ्यांच्या लहरीवर सोडला की त्याचे काय होते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. महापालिका दोन असल्या तरी दोन्ही शहरे एकाच जिल्ह्यात आहेत आणि एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहने कुठे उभी करायची ते स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवता येते. सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ चे फलक लावता येतात, तर अपंगांच्या जागेचा एकसारखा नियम का करता येत नाही? ब्रिटनमध्ये १९७१ पासून अशी योजना आहे. तेथेही परवाना स्थानिक कौन्सिलच देते, पण एका गावचा परवाना दुसऱ्या गावात चालतो. शिवाय तो गाडीच्या नावे नसतो, माणसाच्या नावे असतो. ज्याला स्वतः गाडी चालवता येत नाही, ज्याला मुलगा किंवा शेजारी घेऊन येतो, त्यालाही त्याचा उपयोग होतो.

आपल्याकडे काचेवर चिकटवलेले खुर्चीचे चित्र हाच परवाना समजला जातो. ते चित्र दुकानात कोणालाही मिळते. धडधाकट माणसाची मोटार ते चित्र लावून जागा अडवते आणि खरा अपंग ताटकळत राहतो. आणखी एक गोष्ट. ही सारी मोजमापे मोटारीसाठी आहेत. आपल्या वस्तीतल्या अपंगाकडे मोटार कुठून येणार? त्याच्याकडे असते चार चाकांची स्कूटर, नाहीतर हाताने चालवायची तीनचाकी. दुचाकींच्या रांगेत ती मावत नाही आणि मोटारीच्या चौकोनात तिला कोणी येऊ देत नाही. नियम करताना तिचे नाव लिहिले नाही, तर हा हक्कही खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांच्याच वाट्याला जाईल.

म्हणून मागणी साधी आहे. वैश्विक ओळखपत्राच्या आधारे माणसाच्या नावे एकच परवाना द्या. तो दोन्ही महापालिका, रेल्वेचे वाहनतळ आणि वाहतूक पोलीस या सर्वांनी मानावा. प्रत्येक ठेक्याच्या करारात राखीव जागेची, दराची आणि दंडाची अट घाला. जोडचाकांच्या स्कूटरला वेगळा पट्टा मारा. पैसा नाही ही सबब चालणार नाही, कारण स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे.

२०१५ साली अपंगांना 'दिव्यांग' हे नवे नाव मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही झाला. नाव मिळाले, विभाग मिळाला, आता फाटकाजवळची ती ३.६ मीटर जागा द्या! कार्यकर्त्यांनीही प्रभाग कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे : आमच्या प्रभागातील राखीव जागा कुठे आहे, ती दाखवा. उत्तर लेखी घ्यावे. ते मिळेपर्यंत उठू नये.