औषधी वनस्पती आणि कुंडीचे माप

चिकित्सालयाच्या अंगणात चार औषधी वनस्पती असाव्यात, ही बहुतेक वैद्यांची इच्छा असते. रुग्णास अडुळसा प्रत्यक्ष दाखविता येतो. कच्च्या द्रव्याची परीक्षा करताना ताजा नमुना हाताशी राहतो. आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावी खारे वारे, जांभ्याची उथळ माती आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे पुष्कळदा कुंडीचाच आश्रय घ्यावा लागतो. तेथे पहिली चूक होते ती मापाची.

आम्हीही ती केली. शतावरीचे रोप आम्ही ८ इंची कुंडीत लावले. वेल डोळ्यांस हिरवीगार दिसे. दोन वर्षांनी कुंडी उपडी केली, तेव्हा कडेने गोल फिरलेल्या बारीक मुळ्यांचे जाळे तेवढे हाती आले. औषधयोग्य पुष्ट कंद एकही नव्हता. त्यावरून आम्ही नियम केला : कुंडीचे माप रोपाच्या उंचीवरून न ठरविता प्रयोज्यांगावरून ठरवावे.

मूळ प्रयोज्य असेल तर खोली महत्त्वाची. शतावरी व सर्पगंधा यांस किमान १८ इंच खोल पिंप अथवा गोणी द्यावी. अश्वगंधेस १२ ते १५ इंच खोली पुरते. मात्र तिला साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून कोकणात ती पाऊस ओसरल्यावर पेरावी. हळद व आले आडवे वाढतात. त्यांस १२ इंच खोल पण रुंद तोंडाचे पात्र हवे. पत्र प्रयोज्य असलेल्या तुळशीस १० ते १२ इंची, तर अडुळशासारख्या झुडपास १४ इंची कुंडी चालते. कोरफड व नीरब्राह्मी या दोहोंची मुळे उथळ, म्हणून दोघींस पसरट पात्र. परंतु पहिलीस कोरडेपणा हवा, दुसरीस ओलावा.

इंचांचा हिशेब फसवा असतो. व्यास व खोली दोन्ही दुप्पट केल्यास माती आठपट लागते. सरळ कडांच्या ८ इंची पात्रात सुमारे साडेसहा लिटर, तर १२ इंची पात्रात सुमारे २२ लिटर माती मावते. गच्चीवर ओल्या मातीचे वजन विसरू नये.

मग सुरुवातीसच मोठी कुंडी का घेऊ नये? लहान रोपाची मुळे जेथे पोहोचत नाहीत, तेथील माती पावसाळ्यात दिवसेंदिवस ओली राहते व मुळे कुजतात. रोप वाढेल तसे दोन-दोन इंचांनी माप वाढवावे. तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत व कुंडी विटांवर टेकवावी.

एका औषधालयचालक स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "विजयेस किती इंची कुंडी घ्यावी?" याचे उत्तर एकच : कोणतीही नाही. भावप्रकाश निघंटूत भंगा हरीतक्यादि वर्गात आली आहे आणि जातिफलादि चूर्णात ती आपण वापरतो, हे खरे. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याच्या कलम ८ नुसार भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड निषिद्ध आहे. कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे कुंडीचे माप अथवा रोपांची संख्या पाहून सूट नाही. केवळ पाने त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर राहतात, म्हणून झाड लावण्याची मोकळीक मिळते असा अर्थ काढू नये. शिवाय महाराष्ट्रात भांग १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्याही कक्षेत येते. वैद्यांनी परवानाधारक निर्मात्याचा सिद्ध कल्पच वापरावा. विजया ही अनुसूची ई (१) मधील असल्याने पोटात घ्यावयाच्या अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आहे ना, हे औषधालयचालकांनी तपासावे.

वनस्पती जवळ असणे हे वैद्याचे भूषण आहे. मात्र कोणते रोप लावावयाचे, हे आधी ठरवावे. कुंडी मागाहून आणावी.