हला, नाहीतर सुजा!

अंगातलं पाचेक लिटर रक्त फिरवायला हृदय आहे आणि त्याचं कौतुक कवींपासून ईसीजीवाल्यांपर्यंत सगळेच करतात. पण रोज सुमारे ३ लिटर द्रव रक्तवाहिन्यांतून झिरपून पेशींच्या आजूबाजूला साठतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात सोडणाऱ्या लसिकासंस्थेला मात्र असा मुख्य पंप नाही. बेडकाला आहेत! त्याच्या अंगात चक्क लसिकाहृदयं धडधडतात. आपल्या वाट्याला आल्या पोटऱ्या.

‘पंप नाहीच, म्हणून आमचं डीटॉक्स घ्या’ असं सांगणारे अर्धसत्य विकतात. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि आपण नुसते पडून असलो तरी त्या अधूनमधून आपणहून आकसतात. आत ठरावीक अंतरावर झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह करतो तेच त्यांचं काम: वर चढलेलं खाली उतरू द्यायचं नाही. चालायला लागलं की पोटरी या वाहिन्यांना पिळते, द्रव वरच्या कप्प्यात सरकतो, मागची झडप बंद! व्यायाम करताना हा प्रवाह विश्रांतीच्या वेळेपेक्षा कित्येक पटींनी वाढतो.

दीर्घ श्वासही कामाचा. श्वासपटल खाली उतरलं की पोटातला दाब वाढतो, छातीतला घटतो आणि लसिका, म्हणजे वाहिन्यांतला हा द्रव, वर ओढली जाते. छातीतली तिची मुख्य वाहिनी जेमतेम ४० सेंटिमीटरची, डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेला मिळते. वाटणी मात्र अगदीच पक्षपाती! दोन्ही पाय, पोट, डावा हात, डोक्याची डावी बाजू, सगळ्यांचं पाणी डावीकडे. उजवीकडे फक्त उजवा हात आणि डोक्याचा-छातीचा उजवा भाग.

या वाहिन्या सापडल्या त्या एका कुत्र्याच्या जेवणामुळे. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तर आतड्याभोवती पांढरे दोरे. आधी वाटलं, मज्जातंतू असतील. एक कापला तर दुधासारखा रस! उपाशी कुत्र्यात मात्र हे दोरे दिसेनात. तो रस म्हणजे शोषलेली चरबी. तूप ओतून पुरणपोळी हाणल्यावर आपल्याही पोटात हाच दुधाळ कारभार चालतो.

आता बसण्या-उठण्याचं. एका जागी ताटकळत उभं राहणं सर्वांत वाईट. झिरपणं वाढतं आणि पोटरी गप्प. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या मोज्यांचे वळ संध्याकाळी पाहा. जिराफाला हा त्रास नाही, त्याच्या पायाची कातडीच घट्ट मोज्यासारखी असते. अंतराळात उलटी गंमत: गुरुत्वाकर्षणाची ओढ जाणवत नाही, म्हणून द्रव वर सरकतो, चेहरा फुगतो, पाय काटकुळे होतात. आणि झोपण्याचं? कुशीवर झोपल्यावर मेंदूतला कचरा जास्त चांगला निघतो, असं २०१५ साली उंदरांमध्ये दिसलं. माणसात ते अजून सिद्ध व्हायचंय, त्यामुळे घोरणाऱ्याला कुशीवर वळवायला दुसरं कारण शोधा.

ही यंत्रणा बिघडली तर काय होतं, हे विदर्भाला सांगायला नको. हत्तीरोगाचे जंत डासांमार्फत शरीरात शिरतात, लसिकावाहिन्यांतच घर करतात आणि वाहिन्या निकामी करतात. सुजलेल्या पायाची रोजची निगा ऐकायला अगदी साधी आहे: साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बसता-झोपताना पाय उंच ठेवा, घोटा वर-खाली हलवा. साधी आहे म्हणूनच टाळली जाते. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकागाठी काढलेल्या बायकांना, हात सुजेल म्हणून, पूर्वी ‘त्या हाताने जड उचलू नका’ असं बजावलं जायचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मात्र देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची हातसूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

तेव्हा खुर्चीतून तासाभराने उठा, प्रवासात टाचा उचला, संध्याकाळी पाय उशीवर टाका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर ना चोळा, ना व्यायाम करा; शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, थेट डॉक्टरांकडे जा.